ज्यू धर्माची सुरुवात कुठून मोजायची?

प्रश्न असा आहे: ज्यू धर्माचा संस्थापक कोण, अब्राहाम की मोशे? हे लोक पहिल्यापासून एकच देव मानत होते का? आणि शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), वल्हांडण (पासओव्हरचा सण), खाण्यापिण्याचे नियम या प्रथाही तेवढ्याच जुन्या आहेत का?

थोडक्यात उत्तर आधी देते. बुद्ध किंवा पैगंबर मुहम्मद यांच्यासारखा इतिहासात बोट ठेवून दाखवता येईल असा संस्थापक ज्यू धर्माला नाही. परंपरेत अब्राहाम हा मूळपुरुष आणि मोशे हा नियमशास्त्र देणारा. श्रद्धेत त्या दोघांचं स्थान पक्कं आहे आणि इतिहासाने ते हलण्याचं कारण नाही. पण इतिहास म्हणून विचाराल तर इस्राएल नावाचे लोक इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्यांदा दिसतात, त्यांच्या देवाचं नाव त्यांच्याशी जोडलेलं असं नवव्या शतकातल्या शिलालेखात सापडतं, आणि आज आपण ज्याला ज्यू धर्म म्हणून ओळखतो त्याची घडण इ.स.पू. सहाव्या शतकातल्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हद्दपारीनंतर सुरू होऊन पुढची चार-पाच शतकं चालली. देश, राजा आणि मंदिर यांना बांधलेला धर्म ते सगळं हातचं गेल्यावर माणसांबरोबर कुठेही जाऊ शकणारा धर्म झाला. मला विचाराल तर ज्यू धर्माचा जन्म म्हणायचा तो यालाच.

आता सविस्तर.

अब्राहाम ऊर सोडून कनानात, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागात आला, त्याचा नातू याकोब याची मुलं दुष्काळात मिसरात (इजिप्तमध्ये) गेली, त्यांच्या वंशजांना मोशेने गुलामीतून सोडवून सीनाय पर्वतापाशी आणलं, ही कथा बऱ्याच जणांना माहीत असते. यातल्या कोणाचाही समकालीन पुरावा नाही. निर्गमाच्या पुस्तकात 6 लाख पुरुष पायी निघाल्याचा आकडा आहे. बायकामुलं धरली तर तो वीस लाखांच्या आसपास जातो. एवढे लोक 40 वर्षं वाळवंटात राहिले असते तर चुली, खापरं, थडगी काही ना काही मागे उरलं असतं. शोध कसून झाला, तरी तसं काही मिळालेलं नाही. म्हणून ही कथा निव्वळ कल्पना आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कनानी लोक मिसरात राहत होते, राबत होते, तिथून पळूनही जात होते, याच्या नोंदी मिसरी कागदपत्रांत आहेत. अशा एखाद्या लहानशा गटाची आठवण पुढे सगळ्या समाजाने आपली म्हणून घेतली असणं अगदी शक्य आहे. अनेक अभ्यासकांचा कल आज तिकडेच आहे आणि मलाही तेच पटतं.

पक्की जमीन लागते ती मर्नेप्ताह या फारोच्या, म्हणजे मिसरी राजाच्या, शिलालेखापाशी. काळ सुमारे इ.स.पू. 1208. फ्लिंडर्स पेट्री यांना तो 1896 मध्ये थीब्स इथे मिळाला. कनानातल्या विजयांच्या यादीत एक ओळ येते: इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. मिसरी लिपीत नावापुढे ते कशाचं नाव आहे हे सांगणारी खूण काढतात. शेजारच्या अश्कलोन आणि गेजेर यांच्यापुढे नगराची-प्रदेशाची खूण आहे, इस्राएलपुढे मात्र लोकसमूहाची. म्हणजे या लोकांना अजून स्वतःचं राज्य किंवा राजधानी नव्हती, पण फारोच्या दरबारी नोंद घ्यावी एवढं त्यांचं अस्तित्व होतं.

साधारण याच काळात कनानच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात, आजच्या नाब्लुसपासून हेब्रोनपर्यंत, शेकडो छोटी खेडी उभी राहिली. कुंपणभिंती नाहीत, राजवाडे नाहीत, मोठी देवळं नाहीत. उतारावर बांध घालून केलेली शेती, शेळ्यामेंढ्या, पाणी साठवायचे मोठे रांजण. या खेड्यांतली मातीची भांडी कनानी परंपरेतलीच आहेत, भाषाही कनानीच. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने बाहेरून येऊन देश जिंकला या बायबलमधल्या चित्राशी हे जुळत नाही. बहुसंख्य इस्राएली मुळात त्याच मातीतले होते. सखल भागातली नगरराज्यं कोसळत असताना काही लोक डोंगरात स्थिरावले, काही भटके पशुपालक त्यांना मिळाले, दक्षिणेकडून आलेले काही गट आपला देव घेऊन आले, आणि या सरमिसळीतून एक समाज तयार झाला.

तो देव म्हणजे याहवे, मराठी बायबलमधला यहोवा किंवा परमेश्वर. बायबलमधली काही अतिशय जुनी काव्यं तो सेईर, अदोम, तेमान अशा दक्षिणेकडच्या प्रदेशांतून येतो असं सांगतात. इस्राएलच्या पूर्वेकडचा शेजारी मवाब, त्याचा राजा मेशा याच्या शिलालेखात, सुमारे इ.स.पू. 840 मध्ये, आपण इस्राएलकडून नबो हे गाव जिंकलं आणि याहवेची पूजापात्रं ओढत नेऊन आपल्या कमोश देवापुढे ठेवली, असं राजा अभिमानाने सांगतो. त्या काळच्या माणसांना हे सहज कळणारं होतं. मवाबचा देव कमोश, इस्राएलचा देव याहवे. प्रत्येक लोकांचा आपापला देव, आणि लढाईत एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतो.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. नाही, सुरुवातीला हे लोक आजच्या अर्थाने एकेश्वरवादी नव्हते. सीनायच्या ईशान्य भागात कुंतिलेत अजरूद नावाचं एक निर्जन ठिकाण आहे. 1975-76 मध्ये झेएव मेशेल यांनी तिथे उत्खनन केलं. व्यापारी वाटेवरचा हा मुक्काम, इ.स.पू. 800 च्या आसपासचा. तिथल्या मोठ्या रांजणांवर शाईने आशीर्वाद लिहिलेले आहेत: शोमरोनच्या (उत्तरेकडच्या इस्राएली राज्याच्या राजधानीच्या) याहवेचा आणि त्याच्या अशेराचा, तेमानच्या याहवेचा आणि त्याच्या अशेराचा. अशेरा ही कनानी देवी. इथे देवी अभिप्रेत आहे की तिचा पवित्र खांब, यावर अजून वाद आहे, पण दोन्हीपैकी काहीही धरलं तरी याहवे एकटा नाही. यरुशलेमच्या घराघरांतून सातव्या-आठव्या शतकातल्या मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी मिळाल्या आहेत, दोन्ही हातांनी स्तन धरलेल्या. संदेष्टे ज्या गोष्टींवर इतकं चिडून बोलतात त्या लोकांच्या घरात रोजच्या होत्या, हे त्या मूर्ती पाहिल्यावर पटतं. होशेय आणि यिर्मया परक्यांना सुनावत नव्हते, आपल्याच माणसांशी भांडत होते.

याहून बोलका पुरावा मला अरादचा वाटतो. नेगेवच्या उंबरठ्यावरच्या या गढीत यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्याच्या, राजाची शिबंदी असे आणि गढीच्या आत याहवेचं एक छोटं मंदिर होतं. आत गाभारा, गाभाऱ्यात उभा दगड, आणि गाभाऱ्याच्या पायरीवर चुनखडीच्या दगडाच्या दोन धूपवेद्या. 1960 च्या दशकात योहानान अहारोनी यांच्या उत्खननात त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या माथ्यावर काळपट थर तसाच होता. त्या थराचं रासायनिक पृथक्करण 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या वेदीवर ऊद, प्राण्यांच्या चरबीत मिसळून जाळलेला. छोट्या वेदीवर भांग, शेण मिसळून मंद जाळलेली. ऊद अरबस्तानातून येई, म्हणजे या आडबाजूच्या ठाण्यातसुद्धा पूजेवर चांगला खर्च होत होता. आणि भांगेच्या धुराचा उल्लेख बायबलमध्ये कुठेही नाही. ग्रंथात लिहिलेला धर्म आणि गाभाऱ्यात चालणारा धर्म यांच्यात किती अंतर असू शकतं, ते इथे चिमूटभर राखेत दिसतं. पुढे हे मंदिर बंद झालं. वेद्या फोडल्या नाहीत, आडव्या निजवून जपून पुरल्या. ज्यांनी त्या पुरल्या त्यांच्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता, एवढं नक्की.

गावोगावची मंदिरं बंद करून फक्त यरुशलेममध्ये पूजा करायची हा विचार हिज्कीया आणि योशीया या राजांचा. उत्तरेचं इस्राएलचं राज्य इ.स.पू. 722 मध्ये अश्शूरने (असिरियाने) संपवलं. तिथले लोक, त्यांच्या कथा आणि संदेष्ट्यांची वचनं यांच्यातलं बरंच काही दक्षिणेत यरुशलेमला आलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, इ.स.पू. 622 मध्ये, योशीया मंदिराची डागडुजी करत असताना महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. राजाने तो ऐकून कपडे फाडले, हुल्दा नावाच्या संदेष्टीकडून खात्री करून घेतली आणि सुधारणांचा धडाका लावला. हा ग्रंथ म्हणजे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकाचा गाभा, हे मत 1805 मध्ये डे वेट या जर्मन अभ्यासकाने मांडलं आणि मोठ्या प्रमाणावर ते आजही मान्य आहे. याच प्रसंगात राजे या पुस्तकात एक वाक्य येतं, तिकडे लक्ष वेधावंसं वाटतं: असा वल्हांडण सण शास्त्यांच्या (राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांच्या) काळापासून कधी पाळला गेला नव्हता. म्हणजे ग्रंथ स्वतःच सांगतो की एवढा मोठा सण शतकानुशतकं या पद्धतीने होत नव्हता.

मग इ.स.पू. 586 आलं. नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जाळलं. त्याआधी 597 मध्येच तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर आणि लोहार यांना बाबेलला नेलं होतं. या राजाची पुढची हकीकत बाबेलच्याच कोठाराच्या हिशेबात मिळते. मातीच्या पाट्यांवर लिहिलंय की यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना इतकं इतकं तेल दिलं. कैदेत का होईना, राजवंश जिवंत होता आणि रोजचा शिधा त्याला मिळत होता. सामान्य हद्दपारांचं काय झालं ते अल-याहुदू, म्हणजे यहूदाचं गाव, या वस्तीच्या पाट्यांतून कळतं. पहिली पाटी इ.स.पू. 572 ची. हे लोक कालव्याकाठी खंडाने शेती करत होते, खजूर आणि जव पिकवत होते, कर भरत होते, कर्ज घेत होते. मुलांच्या नावांत याहवेचं नाव टिकून होतं.

हद्दपारीतला पेच आपण समजून घ्यायला हवा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ज्याचं मंदिर जळलं तो देव हरला. कमोशच्या मवाबाने, किंवा आणखी कितीतरी छोट्या लोकांनी तसंच मानलं आणि ते हळूहळू जेत्यांत विरून गेले. यहूदाच्या विचारवंतांनी याचा अर्थ उलटा लावला: आपला देव हरलेला नाही, त्यानेच नबुखद्नेस्सराला हत्यार म्हणून वापरलं, कारण आपण करार मोडला. हे एकदा मान्य केलं की पुढचं पाऊल आपोआप पडतं. जो देव बाबेलच्या सम्राटाला हलवू शकतो तो फक्त यहूदाचा देव कसा असेल? यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात, 40 व्या अध्यायापासून पुढे, पहिल्यांदा अगदी निःसंदिग्ध शब्दांत येतं की माझ्याखेरीज दुसरा देवच नाही. एकेश्वरवादाचा हा उच्चार पराभूत, परमुलखात अडकलेल्या लोकांच्या तोंडी आला, ही गोष्ट मला दरवेळी शिकवताना थांबायला लावते.

आचारही बदलला. मंदिर नाही म्हणजे बळी नाहीत. मग मंदिराशिवाय काय पाळता येईल? आठव्या दिवशी मुलाची सुंता, सातव्या दिवशी काम बंद, पानातलं अन्न. सुंता पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांतही होती, पण बाबेलचे लोक ती करत नसत, त्यामुळे तिथे ती आपोआप ओळखीची खूण झाली. महिन्यांची नावंही याच मुक्कामातली: निसान, तम्मूज, तिश्री, अदार ही सगळी बाबेली नावं आजही ज्यू पंचांगात आहेत. हे पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, सण ऋतूशी जुळावेत म्हणून त्यातही अधिक महिना धरतात, 19 वर्षांत 7 वेळा. दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की हद्दपारीत सगळं ठरलं आणि नंतर सगळे ते पाळू लागले. तसं झालं नाही, आणि ते दाखवायला एलेफन्टाइनसारखं दुसरं ठिकाण नाही.

मिसरच्या दक्षिण टोकाला, आजच्या अस्वानजवळ, नाईल नदीत हे बेट आहे. तेव्हाचं नाव येब. पारशी, म्हणजे प्राचीन इराणी, साम्राज्याच्या चाकरीतले ज्यू सैनिक इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे बायकामुलांसह राहत होते. त्यांचे अरामी भाषेतले पपायरस कागद कोरड्या हवेत टिकले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. करारपत्रं, पत्रं, देणग्यांच्या याद्या. या लोकांचं बेटावर याहूचं (याहवेला ते याहू म्हणत) स्वतःचं मंदिर होतं आणि तिथे बळी दिले जात. यरुशलेमखेरीज कुठेही बळी देऊ नये हा नियम त्यांना माहीतच नसावा, कारण त्याबद्दल ते कुठेही सारवासारव करत नाहीत. एका यादीत याहूसाठी प्रत्येकी 2 शेकेल चांदी देणाऱ्यांची नावं आहेत, आणि शेवटच्या जमाखर्चात याहूबरोबर एशेम-बेथेल आणि अनात-बेथेल या देवतांचाही वाटा आहे. विवाहाच्या करारात बायकोला भर सभेत उभं राहून नवरा नको म्हणायचा हक्क आहे, ‘अनुवाद’ या पुस्तकात तो फक्त पुरुषाला आहे. सापडलेल्या एवढ्या कागदांत मोशेचं, अब्राहामाचं किंवा तोराचं (मोशेच्या नियमशास्त्राचं) नाव एकदाही येत नाही.

शब्बाथ मात्र येतो. खापरीवर लिहिलेल्या एका चिठ्ठीत एक जण भाजीबद्दल बजावतो: उद्या भाजी पाठवतोय, शब्बाथच्या दिवशी होडीवर जाऊन उतरवून घे, वाया जाता कामा नये, याहूची शपथ, नाहीतर तुझा जीव घेईन! याहूच्या नावाने शपथ घेऊन शब्बाथच्या दिवशी माल उतरवायला सांगितला जातोय. म्हणजे दिवसाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, काम थांबलेलं नाही. असाच प्रकार त्याच शतकात यरुशलेममध्ये चालला होता. लोक शब्बाथला द्राक्षकुंडं तुडवतात, सोरचे व्यापारी मासे विकायला आणतात, म्हणून पारशी राजाने नेमलेला सुभेदार नहेम्या याने शब्बाथ लागताना वेशीचे दरवाजे लावून घेतले, असं त्याच्याच पुस्तकात आहे.

इ.स.पू. 419 मध्ये हनन्या नावाच्या एका ज्यू अधिकाऱ्याने येबच्या लोकांना पत्र पाठवलं: निसानच्या 15 ते 21 तारखेपर्यंत बेखमीर भाकर खा, खमीर असलेलं काही घरात दिसू देऊ नका, शुद्ध राहा. पपायरस फाटका आहे, पण कुणीतरी बाहेरून येऊन सणाचे नियम एकसारखे करू पाहतंय हे स्पष्ट दिसतं. त्यानंतर नऊ वर्षांनी, 410 मध्ये, शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून याहूचं मंदिर पाडलं. येबच्या याजकांनी 407 मध्ये यहूदाच्या सुभेदाराला लिहिलेला अर्ज हा माझ्या मते या साऱ्या काळातला सर्वांत हृदयद्रावक कागद आहे. दगडी खांब फोडले, पाच दगडी दरवाजे उद्ध्वस्त केले, देवदाराचं छप्पर जाळलं, सोन्याचांदीची भांडी नेली. तेव्हापासून आम्ही गोणपाट नेसतो, उपास करतो, आमच्या बायका विधवांसारख्या झाल्यात, आम्ही अंगाला तेल लावत नाही, द्राक्षारस पीत नाही. यरुशलेमच्या महायाजकाला आधी पत्र लिहिलं होतं, त्याने उत्तरच दिलं नाही, हेही त्यांनी नमूद केलंय. अखेर परवानगी मिळाली ती मंदिर बांधून अन्न आणि धूप अर्पण करण्याची, पशुबळीचा उल्लेख उत्तरात नाही. पुढे थोड्याच वर्षांत ही वस्ती कागदपत्रांतून नाहीशी होते.

यरुशलेममध्ये दरम्यान दुसरं मंदिर उभं राहिलं होतं. इ.स.पू. 539 मध्ये पारशी सम्राट कोरेशने बाबेल घेतलं, हद्दपारांना परतायची मुभा मिळाली, 515 च्या सुमारास मंदिर पूर्ण झालं. पण पुढच्या काळावर ठसा उमटला तो एज्रा या याजकाच्या, नियमशास्त्राच्या जाणकाराच्या वाचनाचा. नहेम्याच्या 8 व्या अध्यायात ते दृश्य आहे. सातव्या महिन्याचा पहिला दिवस, जलवेशीसमोरचा चौक, लाकडी चौथरा. पहाटेपासून दुपारपर्यंत एज्रा तोरा वाचतोय, समोर पुरुष, बायका आणि ज्यांना समजेल अशी मुलं, आणि लेवी (मंदिराचे सेवक) गर्दीत फिरून अर्थ समजावून सांगतायत. लोक रडायला लागतात तेव्हा त्यांना सांगितलं जातं की रडू नका, गोडधोड खा, ज्याच्याकडे काही नाही त्याला वाटा पाठवा. दुसऱ्या दिवशी वाचताना मांडवांच्या सणाचा नियम त्यांना सापडतो आणि लोक डहाळ्या आणून घरांच्या धाब्यांवर मांडव घालतात. आणि पुन्हा तीच कबुली: यहोशवाच्या काळापासून हे असं कधी झालं नव्हतं. वेदी नाही, बळी नाही. ग्रंथ, वाचणारा, समजावणारा आणि ऐकणारा समाज. पुढचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, याच धर्तीवर चालतं.

सणांबद्दल विचारलंय म्हणून वल्हांडणाचं थोडं जास्त सांगते. त्याच्या पोटात दोन जुने सण आहेत. एक मेंढपाळांचा, वसंतात कोकरू मारून रक्त दाराच्या चौकटीला लावण्याचा. दुसरा शेतकऱ्यांचा, जवाच्या सुगीला जुनं आंबवण टाकून बिनखमिराची भाकर खाण्याचा. दोन्हींना मिसरमधून सुटकेची कथा जोडली गेली आणि ऋतूचा सण इतिहासाचा झाला. गव्हाच्या सुगीचा शावुओत पुढे सीनायवरच्या नियमशास्त्राचा सण झाला, फळांच्या-द्राक्षांच्या हंगामाचा सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, वाळवंटातल्या मुक्कामाची आठवण झाला. शेत सुटलं, देश सुटला, तरी कथा सांगता येते, म्हणून सण टिकले. कोकरू मारण्याचा जुना विधी पाहायचा असेल तर नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोक आजही दरवर्षी तो करतात. ते जेमतेम काहीशे उरलेत. त्यांचीही तोरा आहे, पण पवित्र डोंगर त्यांचा वेगळा.

तुमचा शेवटचा प्रश्न, या प्रथा सामान्य माणसाने कधीपासून पाळल्या? इथे गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वाने खरोखर नवी भर घातली आहे. खवले आणि पंख नसलेला मासा खाऊ नये असा तोराचा नियम आहे. पण यरुशलेममधल्या जुन्या उकिरड्यांत राजांच्या काळापासून पारशी काळापर्यंत बिनखवल्याच्या माशांची हाडं भरपूर मिळतात. येओनातान अ‍ॅडलर आणि ओम्री लेर्नाउ यांनी हे 2021 मध्ये मांडलं. इ.स.पू. चौथ्या शतकात यहूदात पाडलेल्या नाण्यांवर माणसांचे मुखवटे आहेत, घुबड आहे, मूर्ती नको या आज्ञेची कुणाला चिंता दिसत नाही. पुढे यहूदावर राज्य करणाऱ्या हसमोनी या ज्यू घराण्यातल्या राजांच्या नाण्यांवर माणसाचं चित्र एकदाही येत नाही. शुद्धीसाठी पायऱ्या असलेली स्नानकुंडं दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतात आणि नंतर शेकड्यांनी सापडतात. यावरून अ‍ॅडलर यांचं म्हणणं असं की तोराप्रमाणे घरोघर जगणं खात्रीने दिसतं ते इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून. मला त्यांचा युक्तिवाद आहारशुद्धीबाबत पटतो. शब्बाथ, सुंता आणि वल्हांडण मात्र कोणत्या ना कोणत्या रूपात त्याआधी फार पूर्वीपासून होते, येबचे कागदच ते सांगतात. मधल्या काळात घडलेली मोठी गोष्ट म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा अंतियोखस चौथा याने इ.स.पू. 167 मध्ये मंदिर विटाळलं, सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. मक्काबी बंधूंनी बंड करून 164 मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केलं, त्याचाच सण हनुक्काह. जे पाळण्याबद्दल जीव जाऊ लागला ते प्रत्येक घराचं झालं.

इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती तीतसने दुसरं मंदिरही जाळलं. याजक निष्प्रभ झाले. योहानान बेन झक्काय आणि यावने गावातल्या रब्बींनी (धर्मशिक्षकांनी) दया, अभ्यास आणि प्रार्थना यांना बळीची जागा दिली. तोंडी परंपरा सुमारे इ.स. 200 मध्ये यहूदा हानासी यांनी मिश्ना या ग्रंथात बांधली, 6 भाग आणि 63 प्रकरणं. त्यात कितीतरी पानं जळून गेलेल्या मंदिरातल्या विधींची आहेत.

या सगळ्याचा मराठीशी खरा संबंध कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजामुळे येतो. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नौगावला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. कधी, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. हनुक्काह त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून ते मक्काबी बंडाआधी आले, असं त्यांच्यात सांगितलं जातं. एवढ्या एका गोष्टीवरून तारीख ठरवणं मला धाडसाचं वाटतं. पण त्यांनी काय जपलं ते पाहण्यासारखं आहे. ग्रंथ नव्हता, हिब्रू विसरली होती, रब्बी नव्हते. तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आठव्या दिवशी सुंता, खवल्यांचाच मासा, आणि प्रत्येक प्रसंगी तोंडपाठ असलेला शमा, ‘हे इस्राएला, ऐक’. एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलीया) याच्या नावाने मलिदा. नव्याचा सण, खिरीचा सण, मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला बिरड्याचा सण अशी सणांची नावं अस्सल कोकणी. येबच्या लोकांकडे मंदिर होतं आणि ते गेल्यावर ते लोकही दिसेनासे झाले. कोकणातल्या या लोकांकडे मंदिरही नव्हतं आणि ग्रंथही, पण बाबेलमध्ये जे माणसांबरोबर न्यायचं म्हणून निवडलं गेलं होतं ते त्यांच्याकडे होतं, आणि तेवढ्यावर ते शतकानुशतकं ज्यू राहिले. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. पुढे कोचीनहून शिक्षक आले, हिब्रू शिकवलं गेलं, आणि 1846 मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेतल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात.